पाठचा वारा

पैज स्टाफरूममध्ये लागली आणि साक्षीला खुद्द मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका होत्या. भूगोलाच्या सरांनी सुट्टीत एकट्याने, सायकलवरून, समुद्राच्या कडेकडेने जाऊन चार दिवसांत दीपगृह गाठायचं. गाठलं तर आठवी ‘ब’ची सहल पीटीच्या सरांनी न्यायची, नाही गाठलं तर भूगोलाच्या सरांनी. हा वर्ग सातवीत असताना त्याला सहलीला नेणारे चित्रकलेचे सर अजूनही शिट्टी वाजली की टेबलाखाली जातात. तेव्हा पैज साधी नव्हती.

“साठ किलोमीटर तर आहे,” पीटीचे सर म्हणाले. “माझी आजी एका दिवसात जाईल.”

“तुमच्या आजीला वाऱ्याचं ज्ञान नाही. मी वारा पाठीशी घेऊनच जाणार. वाऱ्याविरुद्ध पायडल मारणं हे अडाण्याचं काम.”

सव्वीस वर्षं ते सातवीला वारे शिकवत होते. वाऱ्याने मात्र सातवीचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

बसच्या टपावर सायकल टाकून ते रविवारी किनाऱ्यावरच्या एका लॉजवर उतरले आणि सोमवारी सकाळी निघाले. वारा पाठीशी, ऊन कोवळं. वीस किलोमीटर झाले आणि आभाळ भरून आलं, पावसाची एक सर पडली, वारा गर्रकन फिरून थेट दीपगृहाकडून येऊ लागला. मध्ये ना घर ना हॉटेल. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळू. सरांनी तत्त्व सोडलं नाही. वारा फिरला तसे तेही फिरले आणि पाऊण तासात पुन्हा लॉजच्या दारात हजर.

“अहो पाहुणे, काही विसरलात का?” लॉजवाल्या काकूंनी विचारलं.

“नाही. वारा बदलला.”

मंगळवारी पंचवीस किलोमीटर झाले आणि पुन्हा तोच प्रकार. या खेपेला डोक्यावरची टोपी उडाली ती सरांच्या आधी लॉजवर पोचली. काकूंनी ती खुंटीला अडकवली आणि चहा टाकला.

“टोपी आली म्हटलं, आता साहेब येतीलच.”

कालचे ‘अहो पाहुणे’ आज ‘साहेब’ कसे झाले, हे सरांच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या मात्र सगळं लक्षात आलं होतं. जो माणूस रोज सामान बांधून निघतो, न सांगता परत येतो आणि विचारलं तर वाऱ्यावर ढकलतो, तो लॉज तपासायला आलेला साहेब नसेल तर कोण असेल?

बुधवारी सर परतले तेव्हा खोलीला नवा रंग होता, पलंगावर नवी गादी होती आणि नळाला आजवर कधी न आलेलं गरम पाणी होतं. काकूंचे यजमान दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात जिन्यापाशी उभे होते.

“साहेब, परवाचं ते झुरळ आमचं नव्हतं हो,” ते म्हणाले. “शेजारच्या लॉजचं. फिरायला आलं होतं.”

इतकं सुख सरांना सासरीही कधी मिळालं नव्हतं. पण गुरुवार शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी वारा सकाळपासूनच समोरून. सर बराच वेळ दारात उभे राहिले. डोळ्यांसमोर आठवी ‘ब’ आली, बेचाळीसच्या बेचाळीस मुलं. त्यांनी टोपी खिशात कोंबली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाऱ्याच्या तोंडात सायकल घातली.

वाटेत डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक आजीबाई मागून चालत आल्या आणि पुढे निघाल्या.

“पंक्चर आहे का रे बाबा?”

“नाही आजी, वारा आहे.”

“मग उतर आणि चाल की! लवकर पोचशील.”

सर उतरले नाहीत. तीनदा भिजले, तीनदा कपडे अंगावरच वाळले. सूर्य बुडायला बोटभर उरला असताना सायकल दीपगृहाच्या भिंतीला टेकली. त्यांनी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला.

सुट्टी संपल्यावर सर मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले. पाय फेंगडे पडत होते, पण मान ताठ होती. पीटीचे सर खुर्चीत पडेल चेहऱ्याने आधीच बसलेले.

“पैज तुम्ही जिंकलात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “म्हणूनच सहल तुमच्याकडे देतेय. पालकांनी फोटो पाहिला. म्हणतात, मुलांना न्यायचं तर याच सरांनी.”

सरांपुढे आता एकच उपाय उरला होता, खरं बोलायचं.

“बाई, तो फोटो शेवटच्या दिवशीचा! त्याआधी तीन दिवस मी रोज अर्ध्यातून पळून आलोय.”

“तीनदा?”

“तीनदा! आभाळ भरलं की माघारी!”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि त्या पीटीच्या सरांकडे वळल्या. “तुम्ही काय केलं असतं हो?”

“मी?” पीटीच्या सरांची छाती सवयीने पुढे आली. “पाऊस येवो, वादळ येवो, मी पुढेच गेलो असतो!”

“ऐकलंत ना?” मोठ्या बाईंनी बेचाळीस नावांची यादी भूगोलाच्या सरांपुढे सरकवली. “आता तुम्हीच सांगा, मुलं कुणाच्या हाती देऊ?”

पीटीचे सर उठले. त्यांनी भूगोलाच्या सरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते अगदी मनापासून म्हणाले, “अभिनंदन!”