एकतिसावी रांग उठणार नाही!

पहिला क्वार्टर. व्हर्लन ७, कॉलेज ०.

"त्या फळीला हात लावायचा असेल, तर आधी मला उचलून न्यावं लागेल!"

व्हर्लन पिकेटने हातातलं डुकराच्या बरगडीचं हाड तलवारीसारखं हवेत रोखलं. सॉसचा एक थेंब उडून हॉइटच्या शर्टावर पडला. हॉइट त्याचा जन्माचा दोस्त. असे थेंब झेलून झेलून त्याचे सगळे शर्ट ठिपक्याठिपक्यांचे झाले होते.

"मग उचलतील," व्हर्लनची बायको ऑपल म्हणाली. "तुझं वजन बघून क्रेन आणतील, पण उचलतील."

(वरचे सात गुण व्हर्लनने स्वतःच स्वतःला दिलेत. धीर धरा.)

फळी म्हणजे ब्लॅकवेल्डर कॉलेजच्या म्हाताऱ्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियममधली, पूर्वेच्या स्टँडची एकतिसावी रांग. पाइनचा लांबलचक बाक. टेकायला पाठ नाही, टोचायला कुसळं हवी तेवढी! लग्नाआधीपासून व्हर्लन आणि ऑपल त्यावर बसत आले, शेजारी हॉइट, त्याच्या शेजारी त्याची बहीण वाइनेल. व्हर्लनला मुलगी झाल्याची बातमी याच फळीवर कळली. वाइनेलच्या नवऱ्याने "पास दे रे, गाढवा!" ही आयुष्यातली शेवटची हाक याच फळीवरून मारली. पास दिला गेला, आणि नवराही गेला.

आता कॉलेज स्टेडियम नव्याने बांधणार होतं. बाक जाणार, पाठीच्या खुर्च्या येणार. खुर्च्या रुंद, म्हणून जागा कमी. कोणी कुठे बसायचं हे देणगी बघून ठरणार. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस देऊन देऊन किती देणार? नव्या नकाशात चौघं चार दिशांना फेकले गेले होते. व्हर्लनची खुर्ची तर थेट दिव्याच्या खांबामागे!

"खांबाला टाळ्या वाजवायच्या का मी?" व्हर्लन गरजला. "शनिवारच्या सराव-सामन्याआधी तो ब्रॅनॉक सगळ्यांना स्टँडमध्ये बोलावतोय. चर्चा म्हणे! फळी कुजली म्हणतो. आपण तिला कॉलेजचा असा जांभळा रंग देऊ, असा रंग देऊ, की त्याचंच तोंड रंगेल!"

"माझ्याकडे बोटीचा रंग आहे," हॉइट म्हणाला. "दोन डबे. एक जांभळा, एक पाण्यासारखा."

"पाण्यासारखा कशाला?"

"दोन्ही मिसळायचे म्हणतात."

"पाणी घालून पातळ करायची ही कंपन्यांची लबाडी आहे! आपण अस्सल जांभळा लावायचा."

शुक्रवारी दुपारी बँडच्या तालमीसाठी दार उघडं होतं. दोघांनी आत शिरून फळी रंगवली. अस्सल.

दुसरा क्वार्टर.

शनिवारी सकाळी गारठा होता आणि फळी वांग्यासारखी चकाकत होती. शहाण्या माणसाने बोट लावून पाहिलं असतं.

पण ब्लॅकवेल्डरचा माणूस तसं करत नाही! बँडने कॉलेजचं गाणं वाजवण्याआधी बाकाला टेकायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही, हा इथला नियम. एका वर्षी हॉइट बुटाची नाडी बांधायला जरासा टेकला होता. त्या दिवशी आपल्या कट्टर वैऱ्याने, वेनराइट कॉलेजने, आपल्याला गवतावर आडवं केलं आणि हॉइटची कोंबडी मेली. तेव्हापासून कोणी विषाची परीक्षा घेत नाही.

ब्रॅनॉक आला. कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख. दात असे पांढरे की ढगाळ दिवशी त्यांच्या उजेडात सामना खेळवावा! मागे नकाशा धरून दोघं, हातात नटबोल्टचे पाने घेऊन कामगार, आणि स्थानिक टीव्हीवाली कॅमेऱ्यासह.

"बसा, मंडळी, बसा!"

"गाणं झाल्यावर," व्हर्लन म्हणाला. त्याने आपली भाग्याची डंगरी घातली होती. वेनराइटला त्यांच्याच मैदानात हरवलं त्या दिवशीची. तेव्हापासून ती धुतली नव्हती आणि स्टेडियमात तिचा गॅलिस कधी सुटला नव्हता.

ब्रॅनॉक उभ्या लोकांपुढे बोलत राहिला. ऊन चढत गेलं. जांभळा रंग हळूहळू जागा होत गेला.

"ही रांग तर धोकादायकच आहे," तो म्हणाला. "आज टीव्हीसमोर हीच पहिली फळी काढू."

"धोकादायक? बघ, कशी नवरीसारखी दिसतेय!"

"मिस्टर पिकेट, सगळ्यांची अंगं आता रुंद झालीत. खुर्च्या लागतीलच."

"माझं अंग काढायचं नाही!"

"तुझं काढायला एक फळी पुरणार नाही," ऑपल पुटपुटली.

तेवढ्यात खाली बँड सुरू झाला. चौघांनी छातीवर हात ठेवले, गळा काढून गाणं म्हटलं आणि दणकन बसले. पुढचेमागचे आणखी दहाबारा जण जोशात येऊन त्याच रांगेत घुसून बसले. ऑपल मात्र नेहमीसारखी उशी टाकून बसली. उशी म्हणजे पाठीच्या खुर्चीकडे पडलेलं पहिलं पाऊल, असं म्हणून व्हर्लनने त्या उशीला आयुष्यभर हिणवलं होतं.

"खेचर हलत नाही!" व्हर्लन ओरडला. खेचर म्हणजे त्यांच्या संघाचं चिन्ह.

"खेचर हलत नाही!" सगळा स्टँड गरजला.

टाइमआउट. ('गव्हाण' हा चाहत्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. तिथून, त्याच वेळी:)

*जांभळा_जॉर्डी:* टीव्ही लावा! पिकेट बसलाय, उठत नाहीये!

*नवी_खुर्ची_हवी:* माझी पाठ गेली त्या बाकावर. पाडा एकदाचा.

*जांभळा_जॉर्डी:* तुझी निष्ठा पण गेली वाटतं पाठीबरोबर!

*स्टँडखालचा_सॅम:* शेंगदाणेवाला राहणार आहे ना? तेवढं कोणी विचारा.

तिसरा क्वार्टर. व्हर्लन जिंकतो. तिथेच घोटाळा होतो.

कॅमेरा वळलेला पाहून ब्रॅनॉकचे दात जरा मिटले. तो खाली वाकून म्हणाला, "ठीक आहे, मिस्टर पिकेट. चौघांना चार खुर्च्या शेजारीशेजारी. मधोमध. विश्वस्त मैदानात उभे आहेत, पण त्यांना आत्ता विमान गाठायचंय. माझ्याबरोबर खाली चला, हात मिळवा, झालं काम!"

ऑपलने श्वास रोखला. वाइनेलने डोळे पुसले. हॉइट म्हणाला, "अरे, जिंकलास लेका!"

व्हर्लन उठायला गेला.

व्हर्लन पुन्हा उठायला गेला.

"मी," तो सावकाश म्हणाला, "उठणार नाही!"

टाळ्या! शिट्ट्या!

"अरे, हो म्हणाला तो!" ऑपल कुजबुजली. "ऊठ ना!"

"नाही."

"व्हर्लन! चारही खुर्च्या देतोय!"

"देऊ दे."

"मग उठत का नाहीस?"

"उठता येत नाहीये!" तो दातांतून म्हणाला. "चिकटलोय! हॉइट, तू?"

हॉइटने हालचाल करून पाहिली. डिंकाच्या बरणीतून चमचा ओढावा तसा आवाज आला. "तो पाण्यासारखा डबा," हॉइट म्हणाला, "वाळवण्यासाठी असावा."

"मलाही ओढ बसतेय," वाइनेल म्हणाली. "मला वाटलं, भावना असतील."

रांगेत घुसलेले दहाबारा जणही एव्हाना उठायचा प्रयत्न करत होते. लांबून ते निषेध म्हणून डोलताहेत असं वाटत होतं. स्टँडही डोलू लागला!

ब्रॅनॉकने घड्याळ पाहिलं. "मिस्टर पिकेट, शेवटचं विचारतो. खाली येता?"

खरं सांगितलं, तर रंग कोणी लावला हे कळणार. नाही सांगितलं, तर चार खुर्च्या विमानातून जाणार!

"डंगरीतून बाहेर पड," ऑपल म्हणाली. "गॅलिस सोड आणि चल."

"नाही."

"नियम गेला खड्ड्यात! आपल्या जागांचा प्रश्न आहे!"

"नियम नाही गं," व्हर्लनचा चेहरा पडला. "आत तुझ्या बहिणीने दिलेली चड्डी आहे. नाताळची."

ऑपलने डोळे मिटले. ती चड्डी नारंगी होती. वेनराइटचा रंग! दुकानात स्वस्त मिळाली म्हणून बहिणीने घेतली, आणि धुण्याच्या दिवशी दुसरं काही वाळलं नव्हतं म्हणून आज घातली गेली.

"मेलो तरी बेहत्तर," व्हर्लन ओरडला. "पण खेचर हलत नाही! विश्वस्तांनी इथे यावं!"

पब्लिक वेडं झालं. कोणीतरी रडलं. टीव्हीवाली म्हणाली, "असा माणूस मी पाहिला नाही!" आणि विश्वस्त, विमान सोडून, गुडघे धरत धरत एकतिसाव्या रांगेपर्यंत चढून आले. त्यांनी बसलेल्या व्हर्लनशी हात मिळवला. चार खुर्च्या! कॅमेऱ्यासमोर!

"आता तरी उठा," ब्रॅनॉक म्हणाला.

"उचला!" व्हर्लन म्हणाला.

चौथा क्वार्टर झालाच नाही.

कामगारांनी नटबोल्ट सोडले. ऑपल उशी तिथेच चिकटलेली सोडून आरामात उठली. शंभरेक चाहत्यांनी ती अख्खी फळी, बसलेल्या माणसांसकट, खांद्यावर घेतली. पुढे बँड, मागे पब्लिक. नवरदेवाची वरात झक मारेल! फळी काढायचा मान ब्रॅनॉकला हवा होता. ती आता चाहत्यांनी स्वतःच काढून दिली, हे वरातीत कोणाच्या लक्षातही आलं नाही.

व्हर्लन दोन्ही हात उंचावून ओरडत होता, "उठलो का? नाही उठलो!"

मग पायऱ्या आल्या. फळी पुढे कलली. इतक्या वर्षांचा न धुतलेला गॅलिस, बिचारा, आधी डावा तुटला, मग उजवा.

डंगरी फळीवर बसून राहिली. व्हर्लन घरंगळत थेट मैदानाच्या गवतावर आला. नारंगी.

बँडमधला ढोलवाला थांबला. तुतारीवाल्याने तुतारी तोंडातून काढली. सगळं स्टेडियम असं गप्प झालं, जसं ते फक्त वेनराइटने गुण घेतल्यावर होतं.

"मी उठलेलो नाही!" व्हर्लन गवतावरून ओरडला.

"नाही उठलास," ऑपल त्याच्यावर आपला कोट टाकत म्हणाली. "घसरलास. चल घरी."

नवं स्टेडियम झालंय आता. पूर्वेच्या दारात काचेच्या पेटीत त्या फळीचा तुकडा आहे, त्यावर एक डंगरी ताठ बसलेली आहे आणि खाली पाटी आहे: खेचर हलत नाही. पोरं तिच्याबरोबर फोटो काढतात.

चौघं शेजारीशेजारी बसतात, मधोमध. व्हर्लन खुर्चीत बसतो, पण पाठीला पाठ लावत नाही. खांब गिळल्यासारखा ताठ! "बाकावरचा माणूस आहे मी," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "शेवटपर्यंत टेकणार नाही!"

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तो खरंच टेकत नाही. नंतर डोळा लागतो, आणि ऑपल हळूच त्याच्या पाठीमागे उशी सरकवते. नवी आणलीय. जांभळी.