पंचवीसपट हरीण

मी कुठलीही वस्तू अभ्यासाशिवाय घेत नाही! टौरंगा या आमच्या परदेशातल्या शहरात निम्म्या मराठी घरांतले डिशवॉशर माझ्या सल्ल्याने आलेत. त्यामुळे बंदुकीचं लायसन्स हातात पडलं आणि यशोधन म्हणाला की माझी एक रायफल वापर, फक्त तिच्यावरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, तुझी तू घे, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या.

यशोधन मूळचा साताऱ्याचा, इथे किवीफ्रूट खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये इंजिनियर. आठ वर्षं शिकारीला जातोय. त्याने बजावलं की कायमाईच्या डोंगरांतलं रान दाट आहे, हरीण दिसलंच तर तीस पावलांवर दिसेल. छोटा, कमी झूमचा स्कोप घे, स्वस्तात होईल. दुकानदारानेही तोच काढून दिला. पण त्याच्या शेजारी फुंकणीएवढा एक ठेवला होता. पंचवीसपट झूम! त्यातून मी रस्त्यापलीकडच्या डेअरीच्या पाटीवरचे आइस्क्रीमचे भाव वाचले. छोट्यातून नुसती डेअरी दिसत होती. जास्त पट म्हणजे जास्त हरीण, इतका साधा हिशोब होता. बजेट दुपटीने ओलांडून मी मोठा घेतला.

नेमबाजीच्या मैदानावर शंभर मीटरवरच्या कागदाला मी अशी भोकं पाडली की यशोधनने तो कागद घडी करून खिशात घातला. घरी ते ऐकून माझी बायको विनिता इतकी खूश झाली, की तिने रविवारी चार कुटुंबांना हरणाच्या रश्श्याला बोलावून टाकलं.

शनिवारी पहाटे निघालो. तीन तास चिखल तुडवल्यावर यशोधनने माझा दंड धरला. समोर नेच्यांमध्ये हरीण उभं होतं, अंगणात गाय उभी असावी तसं. मी रायफल खांद्याला लावली आणि स्कोपमध्ये पाहिलं.

सगळं तपकिरी होतं.

"दिसतंय ना?" यशोधन कुजबुजला.

"भिंत दिसतेय," मी म्हणालो.

स्कोप खाली केला की अख्खं हरीण, डोळा लावला की भिंत. पूर्ण जनावर ओळखल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही, हा इथला पहिला नियम. झूम पूर्ण पंचवीसवर राहिला होता. तो कमी करायला गेलो आणि घाईत भलतंच, फोकसचं बटण फिरवलं. झूम तसाच राहिला, चित्र मात्र लख्ख झालं. समोर आला बशीएवढा एक डोळा. ओला, काळाभोर. प्रत्येक पापणी मोजता येत होती. तो डोळा मिटला, उघडला आणि माझ्याकडे बघत राहिला.

यशोधन मार, मार म्हणत होता. मी नुसता बघत होतो. मग नुसती पानंच पानं दिसली. हरीण गेलं होतं.

रविवारी चार कुटुंबांनी पनीर खाल्लं. मी सगळ्यांना स्कोप कसा चुकला ते सविस्तर सांगितलं. तो चुकला होताच. पण त्या पापण्यांबद्दल मी कुणाशी बोललो नाही. बोट एकदाही ट्रिगरकडे गेलं नव्हतं, हेही नाही.

यशोधनला माझी इतकी दया आली, की त्याने स्वतःचा छोटा स्कोप काढून त्या रायफलीवर बसवला आणि येत्या शनिवारी पुन्हा जायचं ठरवून टाकलं. मी त्याला गुडघा दुखतोय असं कळवलंय.

कुठला, ते अजून ठरायचंय.