बुढी आणि चार जुड्या सांबार

अभिनवच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक बारीक लाल रेघ होती. कुंकवाची नव्हे, कुंकू असं काळपट सुकत नाही. पोह्यांची बशी पुढे करता करता आनंदीबाईंनी ती नीट पाहून घेतली.

"हाताला काय लागलंय हो?"

"बीट चिरला, काकू."

एकटा राहणारा, कंप्युटरवर काम करणारा मुलगा रविवारी सकाळी उठून बीट चिरतो? आनंदीबाईंना पटेना. स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलगा अमरावतीचा, धायरीत स्वतःचा फ्लॅट. लेकीला, श्रद्धाला, तो पसंत आहे की नाही, हे मात्र दिवाळीपासून कळायला मार्ग नव्हता. विचारलं की ती "बघू" म्हणे आणि भांडी विसळायला उठे. आज काय ते वदवून घ्यायचंच, म्हणून त्याला नारायण पेठेत बोलावलं होतं.

एवढ्यात त्याचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला. आनंदीबाईंना लगेच खिडकीतल्या कुंड्यांची आठवण झाली.

"बुढी अजून ओलीच आहे का? पंख्याखाली ठेव तिला. तोंड उघडं नको ठेवू, काल माशा बसून राहिल्या होत्या. मी सांबार घेऊन येतो. चार जुड्या पुरे ना?"

आत येऊन त्याने हात जोडले. "काकू, निघावं लागते. ऑफिसचं अर्जंट काम आलं."

त्याची पाठ वळताच आनंदीबाई श्रद्धाला म्हणाल्या, "चपला घाल. सांबार जुडीनं मिळतं का गं?"

"नाही."

"मग ते सांबार नव्हेच. दुसऱ्याच कशाचं तरी नाव आहे. आणि बुढी म्हणजे म्हातारी, तेवढं मलाही कळतं."

पुढे त्याची स्कूटर, मागे यांची रिक्षा. मंडईत त्याने कोथिंबिरीच्या चार जुड्या घेतल्या, त्याही भाव न करता.

"पाहिलंस? माणूस ठिकाणावर नाही."

धायरीला फ्लॅटचं दार उघडंच होतं. पंख्याखाली खुर्चीत एक म्हातारी बसलेली. केस गुडघ्यापर्यंत, नखं वीतभर. अभिनव तिच्या मानेला डिंकाने कोथिंबीर चिकटवत होता. तेवढ्यात म्हातारीचा जबडा निखळून त्याच्या मांडीवर पडला.

आनंदीबाई अशा किंचाळल्या, की समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

कोपऱ्यातल्या मुलीने कानावरचे हेडफोन काढले. "दादा, रेकॉर्ड झालं. फक्त शेवटी 'अगं बाई' आलंय."

मग उलगडा झाला. बुढी फोमची आणि रबराची होती, जंगलातली चेटकीण. रक्त बिटाचं, अंगावरचं शेवाळ कोथिंबिरीचं, आणि कोथिंबिरीला अमरावतीकडे सांबार म्हणतात. मित्र मिळून सुट्टीच्या दिवशी भुताचा सिनेमा काढत होते.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सिनेमा काढतो म्हटलं की स्थळ जाते, काकू. दोन गेले."

"तिसरंही गेलं समजा." आनंदीबाई दाराकडे वळल्या.

"काकू, एक मिनिट. आमच्या हिरॉइनला असं ओरडताच येत नाही. परत एकदा कराल? पण 'अगं बाई' नको. आणि तुम्ही जरा लवकर ओरडल्या."

"लवकर? जबडा पडल्यावर ओरडले मी!"

"नाही काकू, आधीच. पूर्णिमा, ऐकव त्यांना."

मुलीने ऐकवलं. आनंदीबाईंनी मान तिरकी करून ऐकलं आणि पर्स खाली ठेवली.

दुसरी किंकाळी झाली. अभिनव शांतपणे म्हणाला, "चुकलं."

उंबऱ्यात उभी असलेली श्रद्धा एकदम आत आली. हा शब्द आईला आजवर बाबांनीसुद्धा ऐकवला नव्हता. पण आनंदीबाईंनी पदर खोचला.

"बरं. पाडा पुन्हा तो जबडा."

त्यानंतरची मात्र साधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आनंदीबाई घोटभर पाणी प्यायल्या, आणि आपण इथे कशासाठी आलो होतो, ते त्यांना आठवलं.

"चल, श्रद्धा," त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. "सांग यांना, नंतर कळवतो म्हणून."

"नंतर कशाला, आई?" श्रद्धा म्हणाली. "माझा होकार आहे."