पेन ड्राइव्हचा आहेर

लग्नात आहेराच्या पाकिटात पेन ड्राइव्ह घालणारा माणूस ठाण्यातल्या उभ्या कोपरीत एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे सावंतकाका. पाकिटावर वधूवरांची नावं सुवाच्य अक्षरात, आत लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी, फुकट आणि कुणालाही उघडून बघता येणारी प्रणाली. नवरा-नवरी बिचारी लग्नाचे फोटो असतील म्हणून उत्साहाने लावून बघतात.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या एका मशीनचं झाकण उघडायची कामगारांना मनाई होती. बिघडलं की बाहेरून माणूस येईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसायचे. ज्याचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हे, हे काकांनी तिथेच ठरवलं आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटरला लावलं. विंडोज घेतो म्हणणाऱ्याकडे ते भाड्याच्या घरात फरशा बसवणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात.

आमच्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली तेव्हा माझ्या बायकोचं, वृंदाचं म्हणणं होतं की नवा घेऊ आणि सरळ विंडोजवाला घेऊ. ती दिवसभर एका वकिलांकडे मराठी टायपिंग करते. घरच्या कॉम्प्युटरने मुकाट काम करावं एवढीच तिची अपेक्षा. मला मात्र फुकट म्हटलं की राहवत नाही. काकांनी त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि खरं सांगतो, म्हातारा तुरुतुरु चालायला लागला. फक्त प्रिंटर चालेना, आवाज येईना आणि मराठी उमटेना.

"एका दिवशी एकच नट," काका म्हणाले. हा त्यांचा कारखान्यातला मंत्र.

मग दर रविवारी सकाळी दहाला काका हजर. आधी पोहे, मग चहा, मग त्यांच्या आईच्या आंबोळ्या कशा व्हायच्या यावर वृंदाशी सविस्तर चर्चा, मग आमच्या लेकीला, सईला पाना कसा धरावा याचं प्रात्यक्षिक. उरलेली पंधरा मिनिटं लॅपटॉपची. असे पाच रविवार गेले. प्रिंटर ढिम्म.

शेवटी सईच्या कॉलेजचा प्रोजेक्ट आला. पोरीला तो छापायला ऐन वेळी झेरॉक्सवाल्याकडे धावावं लागलं आणि वृंदाचा संयम संपला. या रविवारी प्रिंटर चालला नाही तर संध्याकाळी नवा लॅपटॉप येणार, तोही विंडोजचा, असं तिने मला सुनावलं. मी ते काकांना जिन्यातच, चाचरत सांगून टाकलं.

त्या रविवारी काकांनी पोह्यांना हात लावला नाही. दहा मिनिटांत प्रिंटरने कागद बाहेर काढला. पुढच्या पाच मिनिटांत गाणं वाजलं. मग पडद्यावर मराठीही उमटली. एवढ्याशा कामाला पाच रविवार का लागले, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि काकांकडे पाहून मिटलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"झालं. आता काही राहिलं नाही," काका म्हणाले. "येतो मी."

चपला सापडायला त्यांना बराच वेळ लागला. काकू जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो. वर काका आणि तीन कॉम्प्युटर, तिन्ही उत्तम चालणारे. मला फार वाईट वाटलं.

वृंदा हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

"काका, मला ते मराठी टायपिंग जमेल असं वाटत नाही," ती म्हणाली. "शिकवाल का? घाई नाही. एका रविवारी एकच अक्षर."

वृंदा कुठे काय काम करते हे काकांना चांगलं ठाऊक आहे. तरी त्यांनी पायातली चप्पल काढली, आत येऊन बसले आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

"'अ'पासून सुरू करू," ते म्हणाले.