तेरड्याचा मुक्काम

विसर्जनाच्या दुपारी द्वारकाकाकी रीतीप्रमाणे "ऱ्हा गो आणखी चार दिवस" म्हणाली आणि तेरड्याची गौर राहिली.

आंबेटवाडीत गौर मूर्तीची नसते. घाटरस्त्याच्या कडेला आणि वरच्या रानात गुलाबी तेरडा माजतो. तोच मुळांसकट उपटून आणायचा, साडी नेसवायची, मुखवटा बांधायचा. मुळं म्हणजे तिची पावलं. तिसऱ्या दिवशी साडी-मुखवटा उतरवून तेरडा पऱ्याच्या वाहत्या पाण्यात सोडायचा. सोडताना राहायचा आग्रह करायचा, कारण तो न करणं बरं दिसत नाही. आजवर एकाही गौरीने तो मनावर घेतला नव्हता.

"बरं," गौर पाण्यातून म्हणाली. "एवढं म्हणताय तर राहते."

काकीचा मुलगा श्रीधर आणि सून रत्नागिरीला असत. सणाला येत आणि विसर्जन आटोपलं की चारच्या एसटीने परत जात. काकी त्यांनाही दरवर्षी हेच म्हणे. कुणीतरी ऐकलं, याचंच तिला एवढं अप्रूप वाटलं की तिने गौरीला तशीच ओलीचिंब उचलून घरी आणलं.

गौर माती भरलेल्या बादलीत, पडवीत राहू लागली. स्वभावाने बरी, पण तोंडाने फटकळ.

"काकी, आमटीत मीठ जास्त झालंय."

"तू खातेस कुठे?"

"वासावरून सांगते."

काकी फणकारायची आणि दुसऱ्या दिवशी मीठ कमी घालायची. तिच्या आमटीला नावं ठेवणारं माणूस घरात बऱ्याच वर्षांनी आलं होतं. ती मनातून खूश होती.

चार दिवसांचे अकरा झाले तेव्हा ग्रामसेवक पाष्टे रजिस्टर घेऊन आले. पाहुण्याचा मुक्काम आठवड्यावर गेला की नोंद लागते. ते बादलीसमोर पाटावर बसले.

"नाव?"

"गौर."

"कायमचा पत्ता?"

"घाटरस्ता, तिसरं वळण, डावी कड."

"मुक्कामाचं कारण?"

"आग्रह," गौर म्हणाली. पाष्ट्यांनी तसं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अडचण अशी आहे, काकी. वरच्या रानात यंदा तेरडा धरलाच नाही. रस्ता रुंद करताना कडाही खरवडल्या. वळणावर उरला होता तेवढा बावीस घरांनी उपटला, पूजला नि पऱ्यात सोडला. आता गावात तेरडा ही एकटीच." त्यांनी टम्म फुगलेल्या शेंगांकडे बोट केलं, पण लावलं नाही, कारण तेरड्याची शेंग नुसत्या स्पर्शाने फुटते. "ह्या इथे पडवीच्या लादीवर फुटल्या, तर पुढल्या वर्षी एकाही घरात गौर नाही."

"म्हणजे तुम्ही नेताय हिला?" काकीचा आवाज बारीक झाला.

"छे, छे. पाहुण्याला परक्याने घालवायचं नसतं. ज्याने ठेवून घेतलं त्याने पोचवायचं."

पाष्टे गेल्यावर काकीला रडूच आलं. "तुला जायचंय का गो?"

"मला नाही," गौर म्हणाली. "शेंगांना जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी बादली डोक्यावर घेऊन निघाली. चढ दोन मैलांचा. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने शेंगा पाहिल्या आणि हॉर्न न वाजवता गाडी कडेला घेतली. तिसऱ्या वळणावर काकीने कोयत्याने माती उकरली, गौरीला लावलं आणि शेंगांवरून हळूच हात फिरवला. तडतड बिया उडाल्या. एक तिच्या अंबाड्यात अडकली.

"येते गो," काकी पदराने डोळे पुसत म्हणाली.

गौर चांगल्या वळणाची होती. "एवढ्या लांब आलात. राहा की चार दिवस."

काकीने खाली घराकडे पाहिलं. दाराला कडी होती, चूल विझलेली होती.

"बरं," ती म्हणाली. "एवढं म्हणतेस तर." आणि चपला काढून कडेला उभी राहिली.

गौर दिवाळीपर्यंत सुकली. काकी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती मिठाबद्दल विचारी.

पुढल्या भाद्रपदात वळण गुलाबी झालं. बावीस घरांना पुरून उरेल इतका तेरडा होता. श्रीधर आणि सून गौर आणायला आले. सुनेने आधी एक तेरडा उपटला, मग सासूचा हात धरला. काकीची पावलं मातीतून जरा जोर लावूनच निघाली. घरी उंबऱ्यावर गौरीच्या नि काकीच्या, दोघींच्या पायांवर पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी गौर पऱ्यात गेली. काकीने पदर खोचला. "येते रे," ती म्हणाली आणि घाटाकडे वळली.

"राहा गो आणखी चार दिवस," श्रीधर रीतीप्रमाणे बोलून गेला.

"बरं," काकी म्हणाली.

पाहुणीला घरात एकटं टाकून जाता येत नाही. चारची एसटी दोघांना न घेताच गेली.

नवव्या दिवशी पाष्टे आले. काकीने पत्ता सांगितला, तिसरं वळण, डावी कड. श्रीधरने रत्नागिरीचा सांगितला. सून आतून म्हणाली की आमटीत मीठ जास्त झालंय का, कुणीतरी बघा. पाष्ट्यांनी कारणाच्या रकान्यात तिघांपुढे "आग्रह" लिहिलं आणि ते जेवायला थांबले.