बर्नाडीनबाईंची वजनकाट्यावरील दुसरी स्वारी

प्रारंभी पवित्र त्रैक्यास नमन, मग पवित्र मरियामातेस नमन, मग उपवास पाळणारे आणि उपवास मोडणारे या उभयतांवर सारखीच माया ठेवणाऱ्या सकळ संतांस नमन करोन, सकाळची जपमाळ उरकोन, कॉफीत साखर न घालिता, ही हकीकत लिहावयास घेतली. कित्येक जाणते पुसतात कीं, मुलूख जिंकिल्याच्या बखरी उदंड जाहल्या, परंतु जिंकिलेला मुलूख घालवोन, लाज गिळोन, पुन्हा रिकिबीत पाय ठेविला त्याची बखर कोणी का न लिहिली? त्यांचे पुसणे रास्त. सबब, जैसे घडले तैसे लिहिते. पदरचे मीठ घातले नाही, कारण डाक्तरांनी मीठही वर्ज्य सांगितले आहे.

प्रांत विस्कॉन्सिन, कसबे ऑटर लेक, येथे श्रीमंत बर्नाडीनबाई गोलोम्स्की या शाळेच्या पिवळ्या बसच्या सारथी होत्या. गावातील निम्मी पोरे त्यांचे बसमध्ये बसोन शहाणी जाहली. पुढे ऐसे जाहले कीं, बसचा पट्टा बाईसाहेबांचे पोटास वेढा घालू म्हणे, परंतु वेढा पुरा होईना. तशांत डाक्तरांनी साखर आणि रक्तदाब या दोन फितुरांची नावे घेवोन फर्मान काढिले कीं, वजन उतरवावे, नाही तर गुडघे नवे घालावे. तेव्हां बाईसाहेब चर्चचे तळघरातील मंगळवारच्या मंडळीत दाखल जाहल्या. या मंडळीचा रिवाज ऐसा कीं, दर मंगळवारी एकेकीने काट्यावर उभे राहावे, वजननीस मिल्ड्रेडबाईंनी आकडा कानात सांगावा, आणि मोठ्याने केवळ 'घटले' किंवा 'वाढले' इतकेच पुकारावे. घटले तर टाळ्या. वाढले तर सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहावे. आणि वर्षात जिचे सर्वांत अधिक घटेल तिला राणी करोन, खड्यांचा ताज व निळा पट्टा देवोन, वर्षभर तो ताज तिचे घरी ठेवावा.

बाईसाहेबांनी गोठलेल्या तळ्यास फेऱ्या घातल्या, तळलेल्या चीजकडे पाठ फिरविली, गाजरांशी सोयरीक केली, आणि ऐंशी पौंडांचा मुलूख गनिमाकडून सोडविला. ताज मस्तकी चढला. साप्ताहिकात तसबीर छापोन आली. जुनी मोठी कापडे खोक्यांत भरोन बाईसाहेबांनी यजमान राजमान्य नॉर्बर्टराव यांस हुकूम केला कीं, ही चर्चचे दानपेटीत टाकावी, पुन्हा दृष्टीस पडो नयेत.

ऐसियास, गनीम तोफा डागीत येता तर कळते. तो पाहुणा होवोन आला. प्रथम अभिनंदनाचा केक आला, मग भाचीचे लग्न आले, मग शुक्रवारची तळलेली मासळी व तिजसवे बटाटे, मग हरणांचे शिकारीचा मोसम आणि त्यातील सॉसेज, मग नाताळ सहकुटुंब सहपरिवार येवोन राहिला. विजारीचे वरचे बटण पहिल्याने पडले. जाकिटाच्या चेनीने अर्ध्या वाटेवर तह केला. आणि बाईसाहेबांची मसलत ऐसी कीं, एक तुकडा खाल्ला म्हणजे आजचा दिवस बुडाला, दिवस बुडाला म्हणजे आता सोमवारपासोन, सोमवार चुकला म्हणजे आता पहिल्या तारखेपासोन. या मसलतीत राज्य गेले, आणि कोणत्या दिवशी गेले हेही सांगता येईना.

एके सकाळी बाईसाहेब विजारीशी झुंजत असता नॉर्बर्टराव एक खोके घेवोन खोलीत आले आणि पलंगावर ठेविते जाहले. बाईसाहेबांनी झाकण उघडिले. जुनी मोठी कापडे.

"हे कुठून आणलंस?"

"गॅरेजातून."

"मी दानपेटीत टाकायला सांगितलं होतं."

"हो, सांगितलं होतंस."

"म्हणजे तुला ठाऊकच होतं! मी परत फुगणार हे तू धरूनच चालला होतास!"

"तसं नाही गं, बर्नी. मी काय टाकतो कधी? तुझ्या आईचं शिवणयंत्र आहे गॅरेजात. मोडकी होडी आहे. त्या होडीवर काय माझा भरवसा आहे?"

"मी आणि होडी एकाच गॅरेजात, असं?"

नॉर्बर्टराव पाय लावोन स्वयंपाकघरात पळाले. बाईसाहेबांनी खोक्यातील जुनी विजार चढविली. ती आरामात बसली, आणि ते आरामात बसणे बाईसाहेबांचे काळजास लागले. त्या मंगळवारी गुडघा दुखतो म्हणोन निरोप गेला. पुढील मंगळवारी हिमाचे निमित्त, मग बहिणीचे, मग निरोपही जाईना. ताज मात्र फ्रिजवर होता. त्यावर पिठाची धूळ बसत होती.

इकडे मंडळीत नवी राणी ठरली. दातांचे दवाखान्यात चाकरीस असणारी ट्रिना विझा, वय तरुण, हिने सत्तर पौंड जिंकिले. राज्याभिषेक मंगळवारी ठरला, आणि तो मंगळवार म्हणजे राखेच्या बुधवारचा आदला दिवस, ज्या दिवशी गावात जो तो उपवासकाळापूर्वीचे शेवटचे गोड खावोन घेतो. तेव्हां ताज मागावयास वकिली करणे प्राप्त. अध्यक्षा लॉरेनबाई आणि वजननीस मिल्ड्रेडबाई या उभयता वकील नेमिल्या. आता या मुलुखात रिकाम्या हाताने कोणाचे दारी जाणे म्हणजे बेअदबी. सबब, वजन उतरविणाऱ्या मंडळीच्या वकिलांनी दालचिनी व बटर लाविलेला केक भाजोन नेला.

बाईसाहेबांनी कॉफी केली. चीज कापिले. तिघी बसल्या.

"थंडी काय पडलीये!" लॉरेनबाई बोलिल्या.

"तळं अजून महिनाभर सुटायचं नाही," मिल्ड्रेडबाई बोलिल्या.

"केक छान झालाय," बाईसाहेब बोलिल्या.

"छे, कोरडाच झालाय. घ्या ना अजून," लॉरेनबाई बोलिल्या.

तिघींनी अजून घेतला. फ्रिजवरील ताजाकडे कोणी मान वर करोन पाहिले नाही, जरी तो दिव्याखाली धुळीतूनही लखलखत होता. मग वकील उठिल्या आणि दारात उभ्या राहोन पुन्हा थंडीवर, मग तळ्यावर, मग फादरांचे खोकल्यावर बोलिल्या, इतके कीं घरातील सारी ऊब बाहेर गेली. शेवटी लॉरेनबाई धीर करोन बोलिल्या, "आणि ते... ते आपलं... सावकाश हं. कधीही." बाईसाहेबांनी "हो हो" म्हणोन बिस्किटांचा डबा त्यांचे हाती दिला. वकिली ऐसी शिकस्त खावोन परतली.

दुसरे दिवशी दोन प्रहरी दार वाजले. बाईसाहेबांनी पाहिले तो खुद्द ट्रिना उभी, आणि हाती काहीही नाही. ना केक, ना डबा. बाईसाहेब मनी समजल्या कीं, प्रसंग गंभीर आहे.

"ताज न्यायला आलीस ना? थांब, पुसून देते."

"ताज राहू दे, मिसेस गोलोम्स्की. मला भीती वाटतेय."

"तुला? कसली?"

"राणी ठरल्यापासून जो तो केक आणून देतोय. दवाखान्यात दिला. सासूबाईंनी दिला. आणि मी खातेय. दाराआड उभी राहून खातेय. चार पौंड वाढलेत आणि अजून ताज डोक्यावरही नाही. तुम्ही मला सांगा, ताज मिळाला की दुसऱ्या दिवशी काय होतं?"

बाईसाहेबांनी खुर्ची ओढिली. ट्रिनास समोर बसविले. मग बोलिल्या, "काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे, बाळ. आदल्या दिवशी टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच गाजर. कुणी बघत नाही. वाटतं, संपलं एकदाचं. आणि ते संपलेलं नसतं."

"हे कुणी का नाही सांगत?"

"कोण सांगणार? ज्यांचं परत वाढतं त्या यायच्या बंद होतात."

"हो ना!" ट्रिना एकदम बोलिली. "मी तुमच्या खुर्चीकडे बघते दर मंगळवारी. रिकामी. आणि मला ती माझीच दिसते. पुढच्या वर्षीची. तुम्ही येऊन बसलात ना, तर निदान कळेल की परत येता येतं."

"माझं किती वाढलंय ठाऊक आहे तुला?"

"नाही. आणि मला काय करायचंय?"

"बसमध्ये सुद्धा अशीच होतीस तू. उद्धट." ऐसे म्हणोन बाईसाहेबांनी डोळे पुसिले, आणि केकचा तुकडा पुढे करावयास उचलिलेला हात मागे घेतला.

मग तो मंगळवार उजाडला. थंडी ऐसी कीं नाकात बर्फ व्हावा. बाईसाहेब नॉर्बर्टरावांचे ट्रकात बसोन, ताज मांडीवर धरोन चालिल्या. यजमानांस हुकूम जाहला कीं, इंजिन चालू ठेवावे, न जाणो माघार घ्यावी लागेल. तळघरातील भूगोल मोठा बिकट. काट्याची खोली अगदी टोकास, आणि वाटेत चर्चचा मुदपाकखाना. तेथे बाईसाहेबांची नणंद आयरीनबाई, बारा बायकांची फौज घेवोन, पाँचकी तळीत होत्या. पाँचकी म्हणजे पोलंडाहून आजोबांबरोबर आलेले, आलुबुखाऱ्याचा मुरंबा पोटात घेवोन तुपकट फुगलेले गोल वडे. साखर हवेत धुक्यासारखी उडत होती. या खिंडीत पूर्वी भले भले पडले.

"बर्नी! अगं, किती दिवसांनी!" आयरीनबाईंनी वाट अडविली. "घे, गरम आहे. उद्यापासून सगळंच बंद."

"मी काट्यावर चाललेय, आयरीन."

"आज? आज कुणी काट्यावर जातं का, वेडी! उद्यापासून कर ना सुरुवात. सगळं गाव उद्यापासूनच करणार आहे."

'उद्यापासोन' हा शब्द ऐकताच बाईसाहेब थबकल्या. याच शब्दाने त्यांचे राज्य नेले होते. व्रताचा नियम ऐसा कीं, मोडले त्या क्षणी पुन्हा हात जोडावे, पंचांग पाहात बसो नये. परंतु नणंदेने गरम पाँचकी हाती दिलेली, आणि नणंदेस नाही म्हणणे हे काट्याहून अवघड. तेव्हां बाईसाहेबांनी ती पाँचकी तेथेच, दाराआड न लपता, सर्वांदेखत, सावकाश खाल्ली. मग ओठ पुसिले आणि बोलिल्या, "झकास झालीये. आता बाजूला हो." आणि पुढे चालिल्या. एक खाल्ली तरी दिवस बुडत नाही, ही मसलत पूर्वी त्यांस कोणी सांगितली नव्हती. आज ती त्यांची त्यांस सुचली.

खोलीत शिरताच साऱ्या दरबाराच्या माना वळल्या. रिवाजाप्रमाणे बायका काट्यापूर्वी बूट, जाकीट, घड्याळ, कर्णभूषणे, चष्मादेखील उतरवोन ठेवीत असतात. एकीने एके काळी कवळी काढोन ठेविली होती ऐसे सांगतात. बाईसाहेबांनी बूट तेवढे काढिले आणि चढिल्या. मिल्ड्रेडबाई आकडा पाहोन कानाशी आल्या, तो बाईसाहेब मोठ्याने बोलिल्या, "कुजबुजू नकोस, मिल्ड्रेड. सत्तावन्न पौंड वाढलेत. ऐकू दे सगळ्यांना."

सर्वजणी बुटांकडे पाहू लागल्या. मग मागील रांगेतून कोणी हळूच बोलिले, "माझे चाळीस वाढले होते. दोनदा."

"माझे तर मोजायचं मीच सोडलं होतं," दुसरी बोलिली.

लॉरेनबाई लाल होवोन बोलिल्या, "आणि मी त्या केकात बटर दुप्पट घातलं होतं. म्हटलं, बर्नीकडे जायचंय." तेव्हां जे हसू फुटिले ते मुदपाकखान्यापर्यंत ऐकू गेले, आणि आयरीनबाई झारा हाती घेवोनच काय जाहले ते पाहावयास आल्या. मग बाईसाहेबांनी ट्रिनाचे मस्तकी ताज ठेविला, निळा पट्टा सारखा केला, आणि आपले खुर्चीवर जावोन बसल्या.

पुढील मंगळवारी बाईसाहेब पुन्हा गेल्या. मिल्ड्रेडबाईंनी काटा पाहिला, चष्मा पुसिला, पुन्हा पाहिला, आणि पुकारा केला कीं, घटले. टाळ्या जाहल्या. बाईसाहेब बाहेर येवोन ट्रकात बसल्या, तो चेहरा उतरलेला.

"किती?" नॉर्बर्टरावांनी विचारिले.

"पाव."

"पाव काय?"

"पाव पौंड. आठवडाभर गाजरं खाऊन पाव पौंड. हसू नकोस."

नॉर्बर्टराव हसले नाहीत. घरी आले, जाकीटही न उतरविता फ्रिज उघडिला, आणि त्यातून बटरची एक अख्खी कांडी काढोन बाईसाहेबांचे तळहातावर ठेविली.

"हे काय आता?"

"वाच. कागदावर छापलंय. पाव पौंड."

"मग?"

"एवढं तू अंगावरून उतरवून आलीस. धरून बघ ना नीट."

बाईसाहेबांनी मूठ मिटली. कांडी थंड होती, आणि हातास चांगलीच जाणवत होती. या हातातून त्या हातात घेतली.

"बरंच आहे की रे हे," त्या बोलिल्या.

"बरंच आहे," नॉर्बर्टराव बोलिले.

येणेप्रमाणे बर्नाडीनबाईसाहेबांची दुसरी स्वारी फत्ते जाहली. हस्तगत जाहलेला ऐवज, बटर, कांडी एक. शत्रूकडे अद्याप बाकी मुलूख बहुत, त्याची चिंता वेगळी. या विजयाची द्वाही म्हणोन ती कांडी टेबलावर संध्याकाळपर्यंत ठेविली होती, आणि जो जो घरी आला त्याने तिला हाती घेवोन तोलोन पाहिले. मग ती मऊ होवो लागली, तेव्हां बाईसाहेबांनी रात्रीच्या बटाट्यांकरिता तिचा एक लहानसा काप कापिला, उरलेली गुंडाळोन आत ठेविली, आणि मंगळवारकरिता बूट दाराशी काढोन ठेविले. प्रभूची कृपा. इति वृत्तांत समाप्त.