शिवलं त आपलं

गोपाल कोणाच्याही घरी गेला की पाणी मागत नाही, आहेराची पेटी मागतो. "काकू, पेटी उघडा बरं," म्हणत सरळ पलंगाखाली वाकतो. मुंबईत त्याचं कपड्यांचं काचबंद दुकान आहे आणि आत जायला म्हणे आधी वेळ घ्यावी लागते. त्याचे कपडे घालणारी माणसं आमच्या रिठद गावच्या बसमध्ये जन्मात चढणार नाहीत. असा माणूस आमच्या भिंतीला भिंत लागून वाढला, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

पेटीचं प्रकरण असं आहे. आमच्याकडे आहेरात आलेलं कापड कोणी शिवत नाही. शर्टपीस असो की ब्लाऊजपीस, ते पेटीत टाकायचं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायचं. किन्हीराजा गावातल्या एका लग्नात मी बदामी चौकडीचं शर्टपीस दिलं होतं. शिरपूरच्या लग्नात ते मलाच परत मिळालं, कुंकवाच्या डागासकट. मी ते पुढच्या लग्नात खपवलं. यात कोणालाच काही वावगं वाटत नाही, फक्त गोपालला वाटायचं.

"कापड बिचारं फिरून फिरून मरते," तो म्हणायचा. "एकडाव सुई लागली का मंग कोनाले देता येत नाही. शिवलं त आपलं."

याचं प्रात्यक्षिक त्यानं आमच्याच घरी केलं. माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, आईनं वर्षभर जमवून पेटी भरलेली. गोपालला तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं आणि आमच्या शिलाई मशीनचं त्याला वेड होतं. त्याला घर राखायला ठेवून आम्ही बस्ता बांधायला गेलो आणि नातेवाइकांकडे दोन दिवस राहून आलो. येऊन पाहतो तर अंगणातल्या दोरीवर शर्टच शर्ट. पेटीतलं एकही कापड शिल्लक नाही. ब्लाऊजपीसंसुद्धा एकमेकांना जोडून त्यांचे शर्ट केलेले. आई मटकन खाली बसली. त्यात प्रत्येक शर्टाची डावी बाही चार बोटं आखूड. एवढा सत्यानाश केला, तोही धड केला नाही.

त्याची आई सुभद्राकाकू वावरातून धावत आली. नवरा लवकर गेल्यामुळे ती लोकांच्या शेतात निंदायला जायची. आमच्याकडच्या बाया निंदायला जाताना लुगड्यावर घरच्या माणसाचा जुना शर्ट घालतात, तसा ती नवऱ्याचा घालायची. बैलबंडीतून पडल्यावर तिचा डावा हात कोपरात वाकडाच सांधला होता, म्हणून ती बाही कायम दुमडलेली. तिनं गोपालच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि घरून स्वतःची पेटी आणून आमच्यासमोर उपडी केली.

"घ्या वयनी. पोरीचं लगन अडू देऊ नका."

तिच्याजवळ नवं म्हणावं असं एक चिंधूकही उरलं नाही. गोपाल भिंतीला टेकून ते पाहत होता. त्याच महिन्यात तो मुंबईला निघून गेला.

मग एक दिवस माझ्या पोरीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक नटी साडीवर लांब शर्ट घालून उभी होती. ठिगळासारखी रंगीत कापडं जोडलेली, डावी बाही चार बोटं आखूड, आणि कॉलरच्या आतल्या लेबलवर नाव: रिठद.

"अवो, हा त निंदाचा शर्ट व्हय," माझी बायको म्हणाली.

पोरीनं किंमत सांगितली. मी तिला ती पुन्हा वाचायला लावली. तेवढ्या पैशात आमचा गोठा टिनांसकट उभा झाला असता. ती आखूड बाही म्हणे त्याची खास ओळख आहे आणि मोठमोठे लोक त्यासाठीच रांग लावतात. तेवढ्यात बायको हळूच बोलली.

"असा एक आपल्याले आला होता. नातवाच्या बारशाले, सुभद्राकाकूनं देल्ला."

"मंग कुठी हाय?"

"कोनाच्या अंगात बसेच ना. किन्हीराजाच्या लग्नात देऊन टाकला."

मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

चौकशी केल्यावर कळलं की गोपाल दर दिवाळीला आईसाठी एक शर्ट शिवून आणायचा. "घालून त पाह्य, माय," म्हणायचा. "घालीन ना मंग," ती म्हणायची, आणि पुडकं न सोडताच पुढच्या लग्नात देऊन टाकायची. "लोकाचं घेतलं त देनं पडते ना बाप्पा. मले बुढीले कायले पाह्यजे नवं?" शिवलेलं कोणाला देता येत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरोघरच्या पेट्यांत गोपाल काय शोधत होता, ते मला तेव्हा समजलं. आम्ही मात्र त्याला पेटीवेडा म्हणून हसत होतो.

यंदा हिवाळ्यात आमच्या पुतण्याचं लग्न झालं. नवरीकडच्यांनी शेजारच्या बायांनाही आहेर केला. सुभद्राकाकूच्या वाट्याला एक पुडकं आलं. सकाळची थंडी होती. तिनं ते सोडलं, आतून शर्ट निघाला. कुडकुडत होती, म्हणून तिनं तो तसाच लुगड्यावर चढवला.

मी गोपालशेजारीच बसलो होतो. काकूनं वाकडा हात बाहीत घातला. बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली.

आमच्या दोरीवरचे ते शर्ट, त्या नटीचा शर्ट, सगळे एकाच मापाचे होते.

"पाह्य रे गोपाल," काकू दोन्ही हात पुढे करून म्हणाली. "कोन्या टेलरचा हाय काय मालूम. माहा हात वाकडा हाय, हे त्याले कोनं सांगतलं?"

गोपाल तिच्यासमोर उकिडवा बसला आणि खालचं बटण लावू लागला.

"माय, हा कोनाले देऊ नको."

"कोनाले देऊ? दुसऱ्याच्या अंगात बसन का हा?"

गोपाल खाली मान घालून ते एकच बटण बराच वेळ लावत राहिला.